हिशेबी आणि विवेकी: एकट्या दहशतवाद्याबद्दलचा घोळ

जगात कुठंही एकट्या माणसानं हल्ला केला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘माथेफिरू’ ठरलेला. आणि अर्थशास्त्र अशा माणसालाही ‘विवेकशील’ धरून त्याचा अभ्यास करतं असं मी वर्गात म्हटलं, की दरवर्षी कुणीतरी अस्वस्थ होऊन विचारतं, “सर, माणसं मारणारा विवेकी कसा?” प्रश्न रास्त आहे. चूक ‘रॅशनल’ या इंग्रजी शब्दाच्या भाषांतराची आहे आणि ती बारावीच्या पुस्तकापासून आपल्या मागं लागली आहे.

घटत्या सीमान्त उपयोगितेच्या सिद्धांतातला (एकच वस्तू घेत गेलं की पुढच्या प्रत्येक नगाचं समाधान कमी होत जातं) विवेकशील ग्राहक तुम्हाला पाठ आहे. कोल्हापूरकराला तर पुस्तकही नको. कारखान्याची तोड येईना, रान मोकळं करायचंय, रोख पैसे हवेत, मग ऊस गुऱ्हाळाला जातो. दर, वेळ आणि खात्री बदलली की निर्णय बदलतो. अर्थशास्त्राच्या ‘रॅशनल’चा अर्थ इथं संपतो.

मराठीतला विवेक मात्र इथं सुरू होतो. सद् काय, असद् काय हे ओळखणारी बुद्धी म्हणजे विवेक. संतांनी तो शब्द त्याच अर्थानं आपल्या मनात रुजवला. अर्थशास्त्र हेतूचं मोल करत नाही. हेतू नीच असू दे, तो गाठायला माणूस साधनं तोलून निवडतो का आणि किंमत वाढली की वाट बदलतो का, हे ते तपासतं. म्हणून मी ‘हिशेबी’ म्हणतो, आणि पुस्तकांनीही तेच म्हणावं असा माझा आग्रह आहे.

टेड कॅझिन्स्कीचं बघा. 1978 ते 1995 या काळात त्याच्या बॉम्बांनी अमेरिकेत 3 जणांचा बळी घेतला, 23 जण जखमी झाले. 1995 मध्ये त्यानं चक्क सौदा मांडला: माझा निबंध छापा, मी मारणं थांबवतो. निबंध छापला गेला, भावानं लिहिण्याची धाटणी ओळखली आणि 1996 मध्ये तो पकडला गेला. पुढं न्यायालयानं नेमलेल्या मानसोपचारतज्ज्ञानं त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान केलं. म्हणजे आजार आणि हिशेब एकाच डोक्यात नांदू शकतात. ‘वेडा होता, त्यात कसला हिशेब’ हे वाक्य इथंच कोसळतं. (तो कायद्याच्या दृष्टीनं जबाबदार होता का, हा तिसराच प्रश्न. नॉर्वेत 2011 च्या हल्ल्यात 77 माणसं गेली. हल्लेखोराच्या मनोवस्थेबद्दल तज्ज्ञांच्या दोन अहवालांत एकमत नव्हतं, आणि न्यायालयानं त्याला जबाबदार धरलं.)

संघटना आणि एकटा माणूस यांतला फरक सोपा आहे. संघटना धोका अनेक प्रयत्नांत वाटून घेते, एकट्याचा एक डाव फसला की बहुधा सगळं संपतं. त्याला ‘लोन वूल्फ’ (एकटा लांडगा) म्हणणं मला अजिबात आवडत नाही, त्यातून उगाच रुबाब मिळतो.

‘हिशेबी आहे ना, मग शिक्षा वाढवा’ असं लगेच ऐकू येतं. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1968 मध्ये गुन्ह्याचा हिशेब मांडला, त्यात शिक्षेची तीव्रता होती, तशी पकडलं जाण्याची शक्यताही होती. मरायला निघालेल्यावर पहिलीचा फारसा जोर चालत नाही. बेत फसण्याची शक्यता मात्र त्यालाही मोजावी लागते.

आणि तिथंही तो वाट बदलतो. 1973 पासून अमेरिकी विमानतळांवर प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली. एंडर्स आणि सँडलर या अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा विमान अपहरणं घटलेली दिसली, पण ओलीस धरण्याचे दुसरे प्रकार वाढले होते. चौकात हेल्मेटची नाकाबंदी लागली की दुचाक्या अलीकडच्या बोळात वळतात, तसंच हे. त्यामुळं एखादा बंदोबस्त किती उपयोगी पडला हे मोजताना चौकाबरोबर बोळही मोजायला हवा.