गॅट्स करारातील भारताच्या वित्तसेवा-मर्यादा

परदेशी बँका, विमा कंपन्या, शेअर दलाली पेढ्या आणि अन्य वित्तसंस्था यांना भारतात कोणत्या स्वरूपात, किती प्रमाणात आणि कोणत्या अटींवर व्यवसाय करू दिला जाईल, याविषयी भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करारात, म्हणजेच गॅट्समध्ये, नोंदवलेल्या मर्यादा. एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे स्वाक्षऱ्या झाल्यावर हा करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. वित्तसेवांवरील वाटाघाटी मात्र तेव्हा अपुऱ्या राहिल्या होत्या. त्या डिसेंबर १९९७ मध्ये पूर्ण झाल्या आणि १ मार्च १९९९ पासून लागू झालेल्या पाचव्या प्रोटोकॉलने (पूरक कराराने) भारताच्या नोंदींना सध्याचे स्वरूप दिले.

सेवेचा व्यापार चार मार्गांनी होतो असे हा करार मानतो. सेवा सीमेपलीकडून पुरवली जाते, ग्राहक परदेशी जाऊन ती घेतो, परदेशी संस्था ग्राहकाच्या देशात येऊन शाखा किंवा कंपनी काढते, किंवा एखादी व्यक्ती तेथे जाऊन काम करते. प्रत्येक सदस्य देशाची स्वतंत्र अनुसूची असते आणि तिच्यात प्रत्येक सेवेसमोर या चारही मार्गांसाठी दोन रकाने असतात: बाजारप्रवेशावरील मर्यादांचा एक आणि देशी व परदेशी संस्थांना समान वागणूक देण्यातील मर्यादांचा दुसरा. जी सेवा अनुसूचीत लिहिलेलीच नाही, तिचा बाजार खुला करण्याचे बंधन देशावर येत नाही. जी लिहिली आहे, ती नोंदवलेल्या मर्यादेपर्यंतच खुली करावी लागते. एका सदस्य देशाला दिलेली सवलत इतर सर्वांना द्यायची, हे सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे तत्त्व मात्र अनुसूचीत नसलेल्या सेवांनाही लागू पडते.

या मर्यादा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. अनुसूचीत ‘वर्षाला इतके परवाने’ असे लिहिले असले, तरी त्याहून अधिक परवाने देण्यास मनाई नसते. त्याहून कमी देणार नाही, एवढेच ते वचन असते. देशाचा प्रत्यक्ष कायदा अनुसूचीपेक्षा उदार असू शकतो आणि ते औदार्य पुढे मागेही घेता येते. कायदा अनुसूचीपेक्षा कडक करायचा असेल, तर इतर सदस्यांशी बोलणी करून त्यांना भरपाईदाखल दुसरी सवलत द्यावी लागते. म्हणून भारताने कोणत्या सेवांबाबत वचन दिले आणि कोणत्या सेवांबाबत स्वातंत्र्य राखून ठेवले, यावरून त्याचे धोरण जितके कळते, तितके निव्वळ टक्केवारीवरून कळत नाही.

याखेरीज कराराच्या वित्तसेवाविषयक परिशिष्टात सर्व देशांसाठी एक महत्त्वाची सूट आहे. ठेवीदार, गुंतवणूकदार आणि विमाधारक यांच्या संरक्षणासाठी, तसेच वित्तव्यवस्थेचे स्थैर्य राखण्यासाठी दक्षतेचे उपाय योजण्यास कराराच्या कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. फक्त वचनातून सुटण्याची पळवाट म्हणून त्यांचा वापर करता येत नाही. पनामाने अर्जेंटिनाविरुद्ध नेलेल्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २०१६ मध्ये असे स्पष्ट केले, की ही सूट विशिष्ट प्रकारच्या उपायांपुरती मर्यादित नाही. मध्यवर्ती बँकेचे चलनविषयक काम आणि कायद्याने चालणाऱ्या सामाजिक सुरक्षा योजना तर कराराच्या कक्षेबाहेरच ठेवल्या आहेत.

भारतातील परदेशी बँकांचा इतिहास या करारापेक्षा सुमारे एकशे चाळीस वर्षांनी जुना आहे. चार्टर्ड बँकेने १८५८ मध्ये कलकत्ता आणि मुंबई येथे काम सुरू केले. १८५३ मध्ये मुंबईतच स्थापन झालेली मर्कंटाइल बँक पुढे लंडनकडे गेली आणि १९५९ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या ताब्यात आली. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा परदेशी बँका त्यातून वगळल्या गेल्या, पण नव्या शाखांची परवानगी त्यांना क्वचितच मिळे. आयुर्विमा १९५६ पासून आणि सर्वसाधारण विमा १९७३ पासून पूर्णपणे सरकारी मालकीचा झाला होता, त्यामुळे परदेशी विमा कंपन्यांना भारतात जागाच उरली नव्हती.

ही पार्श्वभूमी असल्यामुळे १९८६ मध्ये जागतिक व्यापार-वाटाघाटींची उरुग्वे फेरी सुरू होताना सेवांचा विषय वाटाघाटीत आणण्यास भारत आणि ब्राझील यांनी कसून विरोध केला. श्रीमंत देशांच्या बँका आणि विमा कंपन्या नवजात देशी संस्थांना गिळून टाकतील, आणि त्या बदल्यात भारताला ज्याची गरज आहे ते, म्हणजे भारतीय मनुष्यबळाला परदेशी काम करण्याची मुभा, मिळणार नाही, ही भीती त्यामागे होती. १९९१ च्या परकीय चलन संकटानंतर चित्र पालटले. त्याच वर्षी एम. नरसिंहम समितीने परदेशी बँकांना शाखा उघडण्याबाबत अधिक उदार धोरण सुचवले. तरीही जिनिव्हातील वाटाघाटींत भारताने पावले मोजून टाकली: सुरुवातीला वर्षाला ५ शाखा-परवाने देण्याचे वचन होते, १९९५ च्या हंगामी समझोत्यात ते ८ झाले आणि अखेरच्या समझोत्यात १२.

१९९५ च्या समझोत्यातून अमेरिका ऐनवेळी बाजूला झाली, कारण विकसनशील देशांनी देऊ केलेल्या सवलती तिला अपुऱ्या वाटल्या. युरोपीय संघाच्या पुढाकाराने तो समझोता तिच्याविना तगला. १९९७ मधील अंतिम वाटाघाटी आशियाई चलन संकटाच्या ऐन भरात झाल्या आणि तरीही त्या यशस्वी झाल्या. अमेरिका, भारत आणि थायलंड यांनी आपापल्या व्यापक सूट-नोंदी या वेळी मागे घेतल्या. ‘तुम्ही आमच्या बँकांना प्रवेश द्याल तरच आम्ही तुमच्या बँकांना देऊ’ अशी परस्परतेची अट सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या तत्त्वाआड आणणाऱ्या या नोंदी होत्या. भारतासाठी हा निर्णय लहान नव्हता. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात परदेशी बँकेला परवाना देताना तिच्या देशात भारतीय बँकांविरुद्ध भेदभाव होत नाही ना, हे पाहण्याची तरतूद आहे.

भारताच्या अनुसूचीतील बँकिंगची नोंद बारकाईने वाचण्याजोगी आहे. परदेशी बँकेला भारतात फक्त शाखेच्या रूपाने येता येईल, आणि ती मायदेशात बँक म्हणून परवानाधारक आणि देखरेखीखाली असली पाहिजे. नव्याने येणाऱ्या आणि आधीपासून असलेल्या अशा सर्व परदेशी बँकांना मिळून वर्षाला १२ परवाने. शाखेबाहेर एटीएम बसवायला वेगळा परवाना लागेल, पण तो या बारांत मोजला जाणार नाही. परदेशी बँकेच्या शाखेने दुसऱ्या वित्तकंपनीत करायची गुंतवणूक स्वतःच्या निधीच्या १० टक्के किंवा त्या कंपनीच्या भांडवलाच्या ३० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यापुढे जाता कामा नये. लघुउद्योग, निर्यात अशा क्षेत्रांतील जाणकारांचे स्थानिक सल्लागार मंडळ नेमणे परदेशी बँकेला बंधनकारक आहे. त्याचा अध्यक्ष आणि सदस्य निवासी भारतीय नागरिक असले पाहिजेत आणि त्यांच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची मान्यता हवी. मुख्य कार्यकारी अधिकारी तेवढा परदेशी असू शकतो. सार्वजनिक उपक्रमांनी आपला शिलकी पैसा मुदत ठेवीत गुंतवायचा तर तो भारतात नोंदलेल्या अनुसूचित (म्हणजे रिझर्व्ह बँक कायद्याच्या यादीतील) बँकांतच ठेवायचा, ही अट समान वागणुकीच्या रकान्यात आहे. सरकारी कंपन्यांच्या ठेवींचा आकार पाहता देशी बँकांसाठी ते फार मोठे संरक्षण ठरते.

सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली मर्यादा १५ टक्क्यांची आहे. देशातील सर्व बँकांच्या एकूण मालमत्तेत परदेशी बँकांच्या शाखांचा वाटा १५ टक्क्यांहून जास्त झाला, तर नव्या परदेशी बँकेला परवाना नाकारता येईल. हा वाटा मोजताना ताळेबंदावरील आणि ताळेबंदाबाहेरील अशा दोन्ही मालमत्ता धरायच्या असतात. परदेशी बँकांच्या शाखा थोड्या असल्या, तरी वायदा, हमी आणि परकीय चलनाच्या करारांत त्यांचा हात मोठा असतो, आणि हे व्यवहार ताळेबंदात पूर्णपणे दिसत नाहीत. नुसत्या ठेवी आणि कर्जे मोजली असती, तर ही मर्यादा गाठली जाण्याची शक्यता दूरची राहिली असती. शिवाय ‘नाकारता येईल’ एवढेच लिहून ‘नाकारले जाईल’ हे टाळल्यामुळे निर्णय रिझर्व्ह बँकेच्या हाती राहिला.

इतर वित्तसेवांमध्ये शेअर दलालीसाठी ४९ टक्के, तर भाडेपट्टा, फॅक्टरिंग (उद्योगांची येणी विकत घेणे), साहसवित्त आणि वित्तीय सल्ला यांसाठी ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भागभांडवलाचे वचन आहे. विम्यात मात्र हात जवळजवळ पूर्णपणे आखडता घेतला आहे. आयात-निर्यातीचा माल भारतीय कंपनीकडेच विमित करण्याची सक्ती नसेल, आणि देशात कायद्याने ठेवायचा भाग वजा जाता उरलेली जोखीम परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, देता येईल, एवढीच काय ती मोकळीक. परदेशी विमा कंपनीने भारतात येऊन आयुर्विमा विकण्याविषयी वचन नाही.

प्रत्यक्षात घडले ते अनुसूचीच्या पुढचे आहे. रिझर्व्ह बँकेने काही वर्षी १२ पेक्षा अधिक शाखा-परवाने दिले. मार्च २००४ मध्ये खासगी बँकांतील परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेली गेली. अनुसूचीत या मार्गाचा उल्लेखही नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांसाठी दोन टप्प्यांचा आराखडा जाहीर केला. त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २००९ पासून यायचा होता, पण २००८ च्या जागतिक वित्तसंकटामुळे तो थांबवला गेला. अनुसूचीत न बांधलेले औदार्य रोखून धरता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे, आणि तो निर्णय योग्यच होता.

द्विपक्षीय करारांनी या व्यवस्थेला दुसरे परिमाण दिले. १ ऑगस्ट २००५ पासून लागू झालेल्या भारत-सिंगापूर सर्वंकष आर्थिक सहकार्य करारात सिंगापूरच्या डीबीएस, यूओबी आणि ओसीबीसी या तीन बँकांना चार वर्षांत १५ शाखा, त्याही गॅट्सच्या बारांव्यतिरिक्त, देऊ केल्या गेल्या. गॅट्सचे पाचवे कलम व्यापक आर्थिक एकात्मतेच्या करारांना सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या तत्त्वातून सूट देत असल्यामुळे ही सवलत इतर देशांना मागता आली नाही. भारतीय बाजूने स्टेट बँक आणि आयसीआयसीआय बँक यांना पुढे सिंगापुरात अधिक सेवाकेंद्रे उघडण्याची मुभा देणारा दर्जा मिळाला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पूर्ण मालकीच्या उपकंपन्यांची चौकट आखली. शाखेचे भांडवल आणि जबाबदारी परदेशी मुख्यालयाशी जोडलेली असते. उपकंपनी मात्र भारतात नोंदलेली, किमान ५०० कोटी रुपये भांडवल असलेली आणि भारतीय संचालक असलेली स्वतंत्र बँक असते, त्यामुळे संकटकाळी देशातील ठेवीदारांसाठी तिची मालमत्ता वेगळी राखता येते. या बदल्यात तिला शाखा उघडण्याबाबत देशी बँकांच्या जवळपास बरोबरीची वागणूक मिळते. मॉरिशसच्या एसबीएमने डिसेंबर २०१८ मध्ये आणि डीबीएसने मार्च २०१९ मध्ये हा मार्ग पत्करला, पण बहुतेक परदेशी बँका शाखेच्याच रूपात राहिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये बुडीत चाललेली लक्ष्मी विलास बँक डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन करण्यात आली, तेव्हा पाचशेहून अधिक शाखा एका दिवसात परदेशी मालकीच्या बँकेकडे गेल्या. वर्षाला १२ हा आकडा ज्या काळात लिहिला गेला, त्या काळात असे काही कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

महाराष्ट्रात या बदलाची खूण कोल्हापुरात दिसते. १९४३ मध्ये तेथे स्थापन झालेली रत्नाकर बँक, म्हणजे आजची आरबीएल, हिच्यात ६० टक्के हिस्सा सुमारे २६,८५० कोटी रुपयांना घेण्याचा करार दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. जाहीर झाला तेव्हा नियामकांच्या मंजुरीच्या अधीन असलेला हा व्यवहार भारताच्या गॅट्स-वचनात कोठेही बसत नाही. तो देशी कायद्याने २००४ पासून उघडलेल्या दारातून आला आहे.

विम्यातही हाच क्रम दिसतो. आर. एन. मल्होत्रा समितीच्या शिफारशींनंतर १९९९ च्या विमा नियामक प्राधिकरण कायद्याने खासगी कंपन्यांना वाट दिली आणि परकीय भांडवल २६ टक्क्यांपुरते ठेवले. ते २०१५ मध्ये ४९ टक्के आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाले, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांचा प्रस्ताव मांडला गेला. प्रत्येक वाढ संसदेत चर्चेला आली, तिच्यावर वाद झाले आणि जिनिव्हातील वचनाचा धाक कोणाला दाखवता आला नाही. लोकशाही देशाला इतक्या नाजूक विषयात हीच पद्धत शोभते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात मात्र विम्यातील परकीय भांडवलाची पातळी बांधून देण्याचे भारताने मान्य केले आहे. १९९७ मध्ये राखून ठेवलेल्या स्वातंत्र्याचा एक भाग यामुळे द्विपक्षीय वचनात जात आहे.