थर्मोस्टॅट वेगळा, थर्मोस्विच वेगळा

"फॅन लागत नाही, म्हणजे थर्मोस्टॅट गेलाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की आधी बॉनेट उघडून दोन्ही पार्ट दाखवतो. फॅन चालू-बंद करणं हे थर्मोस्टॅटचं काम नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्याला वायरसुद्धा नसते. फॅनला हुकूम देतो तो थर्मोस्विच, नव्या गाड्यांत कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. दोघांच्या नावात 'थर्मो' आहे, दोघंही तापमानावर चालतात आणि काही इंजिनांत शेजारी-शेजारी बसतात. एवढ्यावरून लोक दोघांना एकच समजतात आणि चुकीच्या पार्टचे पैसे भरतात.

स्विचचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. कूलंट साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की तो फॅन लावतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा मिळतो, त्यामुळे फॅनची फारशी गरज पडत नाही. म्हणून गाडी फक्त सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल आणि हायवेला लागताच तापमानाचा काटा खाली येत असेल, तर आधी फॅनच्या बाजूला बघा: फ्यूज, रिले, मोटर, स्विच.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा झडपेचा दरवाजा. आत मेणाची डबी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. ती किती अंशांना उघडायची ते बहुधा धातूवरच कोरलेलं असतं, ८२ किंवा ८८. तोपर्यंत कूलंट इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही. म्हणजे क्रम असा: आधी थर्मोस्टॅट उघडतो, मग रेडिएटर तापतो आणि तेवढ्यानं भागलं नाही तर फॅन लागतो.

लोक फसतात ते या क्रमात. काही जुन्या गाड्यांत थर्मोस्विच रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. आता थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असं समजा. इंजिन उकळतंय, पण गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. रेडिएटर गार, त्यातला स्विचही गार. स्विचच्या मते सगळं ठीक आहे, मग तो फॅन कशाला लावेल? बाहेरून दिसतं एवढंच की काटा लाल रेषेवर आणि फॅन बंद. बघणारा फॅनला दोष देतो.

माझ्या मेहुण्याच्या गाडीचं नेमकं हेच झालं. खंबाटकी घाटात दोनदा थांबावं लागलं. गॅरेजवाल्यानं आधी स्विच बदलला, मग फॅनची मोटर, आणि गाडी तिसऱ्यांदा तापली. मी गेलो तेव्हा इंजिन चालू होतं, काटा वर चढत होता. रेडिएटरच्या खालच्या पाईपला हात लावला, तर माठाला लावावा तसा गार! दोन नवे पार्ट बसले होते आणि पाईपला हात लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

स्विचऐवजी सेन्सर इंजिनवर असेल तर चित्र उलटं दिसतं: फॅन जीव तोडून फिरतोय आणि रेडिएटर गार. तिथंही संशय थर्मोस्टॅटवरच घ्यायचा. मात्र वॉटर पंप काम करत नसेल किंवा रेडिएटर चोक असेल तरी खालचा पाईप गार लागतो, म्हणून नुसत्या पाईपवर निकाल देऊ नका.

घरी तपासायचं तर आधी एसी लावा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर तोच फॅन फिरतो. फिरला तर मोटर ठीक आहे. दोन पिनांचा जुना स्विच असेल तर कनेक्टर काढून कनेक्टरच्याच दोन्ही टोकांना वायरचा तुकडा जोडा. फॅन लगेच फिरला तर बिघाड स्विचमध्ये आहे किंवा स्विचपर्यंत उष्णता पोचत नाही. यातलं कुठलं, ते पाईप सांगतो. हे करताना बोटं, ओढणी, बाही फॅनपासून लांब ठेवा. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, तोंडावर उकळतं कूलंट येतं.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर तो काढा, दोऱ्यानं जुन्या पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा. तापाचा नको, १०० अंशांपर्यंत जाणारा हवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे, आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली पाहिजे. मेहुण्याचा थर्मोस्टॅट खळखळत्या पाण्यात दहा मिनिटं होता. केसभरही हलला नाही.

आता "काढूनच टाका, आपल्याकडे थंडी कुठे पडते?" या सल्ल्याबद्दल. मला तो अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट थंडीसाठी नाही, इंजिन ठरलेल्या तापमानाला ठेवण्यासाठी असतो. तो नसला की इंजिन उशिरा तापतं, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला तर ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

ऑइल दुधाळ झालं असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सुटत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर. ते घरचं काम नाही. आणि बोअरचं पाणी ओतू नका, क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, बहुतेक गाड्यांना निम्मं-निम्मं चालतं.

नवा थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि कडेची छोटी हलती पिन, असेल तर, वर ठेवा. तिथून अडकलेली हवा निघते. मेहुण्याच्या गाडीत तसाच बसवला, कूलंट भरलं, हवा काढली आणि इंजिन चालू करून पाईपवर हात ठेवून बसलो. बराच वेळ काही नाही. मग खालचा पाईप कोमट झाला, बघता बघता हात ठेववेना. आणि थोड्या वेळानं तोच बदललेला स्विच, तीच नवी मोटर, फॅन आपोआप फिरायला लागला.