अणुवीज केंद्रांची खासगी मालकी

अणुभट्टीच्या उष्णतेवर वीज तयार करणाऱ्या केंद्राची मालकी, परवाना किंवा दैनंदिन संचालन सरकारऐवजी खासगी कंपनीकडे असण्याची व्यवस्था. जमीन, अणुभट्टी, जनित्र, इंधन, परवाना आणि अपघाताचे दायित्व ही अंगे एकाच हातात असतातच असे नाही. त्यामुळे एखादे केंद्र ‘खासगी’ म्हणताना त्यातले नेमके काय खासगी, हे पाहावे लागते.

पहिले खासगी केंद्र कोणते, याविषयी एकमत नाही. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने हे क्षेत्र सरकारी अणुऊर्जा आयोगाच्या ताब्यात होते. १९५४ च्या कायद्याने कंपन्यांना परवान्याची वाट खुली झाली. पेनसिल्व्हेनियातील शिपिंगपोर्ट केंद्राला (डिसेंबर १९५७) पुष्कळदा हा मान दिला जातो. तेथे डुकेन लाइट या वीज कंपनीने जागा दिली, टर्बाइन व जनित्र उभारले आणि भट्टीची वाफ विकत घेतली. भट्टी चालवणारी माणसेही कंपनीचीच. भट्टी मात्र आयोगाच्या मालकीची. म्हणजे संचालन खासगी, पण मालकी सरकारी. कॅलिफोर्नियातील व्हॅलेसिटोस केंद्राची वीज त्याआधी, ऑक्टोबर १९५७ च्या सुमारास, सुरू झाली होती. वीजनिर्मितीच्या अणुभट्टीचा आयोगाचा पहिला परवाना त्याचाच. भट्टी जनरल इलेक्ट्रिकची, जनित्र पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकचे. पण क्षमता जेमतेम ५ मेगावॉट आणि हेतू मुख्यतः प्रायोगिक. इलिनॉयमधील ड्रेस्डेन-१ (१९६०) हे सुमारे २०० मेगावॉटचे केंद्र कॉमनवेल्थ एडिसनने खासगी भांडवलावर उभारले. पूर्ण क्षमतेचे व्यापारी केंद्र हा निकष लावल्यास ड्रेस्डेनचा दावा अधिक सयुक्तिक ठरतो. अर्थात त्यातले समृद्ध युरेनियमही तेव्हा सरकारचेच होते. कंपन्यांना ते भाड्याने मिळे. इंधनाच्या खासगी मालकीची मुभा १९६४ च्या कायद्याने आली. काटेकोर अर्थाने त्यापूर्वीचे कोणतेच केंद्र संपूर्ण खासगी नव्हते.

दायित्वाचा प्रश्न मालकीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने नुकसानभरपाईला मर्यादा घातली. तिच्याविना खासगी भांडवल या क्षेत्रात उतरले असते असे वाटत नाही. जपानच्या कायद्यात चालकाचे दायित्व अमर्याद आहे. तरीही फुकुशिमाच्या अपघातानंतर (२०११) भरपाईचा भार टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीला एकटीने पेलला नाही आणि २०१२ मध्ये तिची बहुतांश मालकी सरकारकडे गेली. ब्रिटनने ब्रिटिश एनर्जी ही अणुवीज कंपनी १९९६ मध्ये खासगी केली, पण मॅग्नॉक्स या जुन्या प्रकारच्या अणुभट्ट्यांची केंद्रे, त्यांच्या मोडणीच्या खर्चासह, सरकारकडेच राहिली. २००२ मध्ये या कंपनीलाही सरकारी मदत घ्यावी लागली. फिनलंडची टीव्हीओ ही अणुवीज कंपनी वेगळ्या धर्तीची. ती नफा वाटत नाही. भागधारक आपापल्या हिश्शाची वीज उत्पादनखर्चाने उचलतात. सहकारी साखर कारखान्याचा सभासद ऊस घालतो, येथे भागधारक वीज नेतो, एवढा फरक.

भारतात १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हे क्षेत्र केंद्र सरकारपुरते राखले. भारतीय अणुऊर्जा महामंडळ १९८७ मध्ये स्थापन झाले. २०१५ च्या दुरुस्तीने सार्वजनिक उपक्रमांच्या संयुक्त कंपन्यांना वाव मिळाला. २०२४ च्या अखेरीस महामंडळाने २२० मेगावॉटच्या ‘भारत स्मॉल रिअॅक्टर’साठी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. त्यात भांडवल, जमीन व थंडाव्याचे पाणी उद्योगाचे, संचालन महामंडळाचे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांति’ कायद्याने खासगी कंपन्यांना परवान्याचा मार्ग खुला केला.

सातारा व सांगली जिल्ह्यांत अणुवीज केंद्र नाही. पण वीज केंद्राच्या मालकीचा प्रश्न येथे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या रूपाने येऊन गेला आहे. कोयनेच्या पाण्यावर विजेची योजना प्रथम टाटा समूहाने, बहुधा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तपासली. ती प्रत्यक्षात आणली सरकारने. पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. आजची क्षमता १,९६० मेगावॉट. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि कोयना धरणाच्या बिगरसांडव्याच्या (ज्यावरून पाणी सोडले जात नाही अशा) भागाला तडे गेले. तडे भरून, भिंतीला मागून टेकू देऊन ती बळकट करण्याचे काम सरकारी तिजोरीतून झाले. अणुकेंद्राची जागा निवडताना भूकंपाचा इतिहास कसोशीने तपासला जातो आणि कोयना धरण असलेल्या पाटण तालुक्याबाबत हा इतिहास मोठा अडसर ठरेल.

दुसरा प्रश्न पाण्याचा. थंडाव्याचे पाणी उद्योगाने आणायचे म्हटले, तरी कृष्णा खोऱ्यातील पाण्याचे वाटप लवादाने ठरवलेले आहे. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यालाही बच्छावत लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. उरलेल्या पाण्यासाठी ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांवर खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि माणच्या शेतकऱ्यांची नजर आहे.