इंग्रजी क्रियापद, सर्वनाम आणि कर्म : कोल्हापूरकडनं बघितलं तर

इंग्रजी वाक्यात कोण काय करतंय हे शब्दाच्या जागेवरनं कळतं. क्रियापदाच्या आधी कर्ता, नंतर कर्म, आणि जागा हलवली की अर्थ उलटा. 'द डॉग बिट द मॅन' आणि 'द मॅन बिट द डॉग' ह्यात शब्द तेच, पण चावणारा बदलला. मराठीत हा प्रॉब्लेमच येत नाही, 'कुत्रं माणसाला चावलं' म्हणा, 'माणसाला कुत्रं चावलं' म्हणा, नाहीतर कोल्हापुरात म्हणतात तसं 'चावलं की गा कुत्रं त्याला' म्हणा, 'ला' प्रत्यय ज्याला चिकटलाय तोच चावून घेणारा, वाक्यात तो कुठंही असू दे.

एकेकाळी इंग्रजी पण अशीच होती. साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागायचे, पुढच्या काही शतकांत ते झिजून गेले आणि सगळा भार शब्दांच्या क्रमावर आला. सर्वनामांनी मात्र थोडी विभक्ती सांभाळून ठेवलीय : कर्ता असला की आय, ही, शी, वी, दे आणि कर्म झालं की मी, हिम, हर, अस, देम. 'यू' आणि 'इट' दोन्हीकडं सारखेच. 'यू' तरी मुळात कर्माचंच रूप, कर्त्याला 'यी' वेगळं होतं, ते मागं पडलं आणि 'यू'नंच दोन्ही जागा घेतल्या. आपल्याला 'मला वाटतं', 'मला आवडतं' म्हणायची सवय, त्यामुळं 'आय थिंक', 'आय लाइक' सुरुवातीला जरा उद्धट वाटतं, पण जुन्या इंग्रजीत पण 'वाटणं' आणि 'आवडणं' ही दोन्ही क्रियापदं अशीच 'मला' घेऊन यायची, त्यातलं 'मी-थिंक्स' हे रूप कितीतरी शतकं टिकलं.

आता खरी गोची. इंग्रजीत आज्ञा सोडली तर कर्ता गाळता येत नाही, अगदी पाऊस पडला तरी कुणीतरी कर्ता लागतो म्हणून 'इट इज रेनिंग', आणि ते 'इट' म्हणजे कोण हे विचारायचं नाही. सकर्मक क्रियापद असेल तर बहुतेक वेळा कर्म पण बोलून दाखवावं लागतं. मराठीत दोन्ही गाळले तरी चालतं. 'मी वडा खाल्ला, भाकरी खाल्ली, अंडं खाल्लं' ह्यात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणं बदलतं, म्हणजे नुसतं 'खाल्ली' म्हटलं तरी भाकरीबद्दल चाललंय हे समोरच्याला कळतं. इंग्रजीत तिन्हीला 'एट' एवढंच, त्यामुळं मागनं 'इट' जोडावंच लागतं. इतर काळांत मराठी क्रियापद कर्त्याकडं बघतं, 'आणतो', 'आणतेस', तिथं कर्म संदर्भावरनं घ्यायचं. (कोल्हापुरात बायकापण सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, पुण्याचं माणूस पहिल्यांदा ऐकलं की दचकतं. इंग्रजी 'आय कम'ला लिंगाची भानगडच नाही, तेवढं एक बरं.)

ह्यामुळं चप्पल घ्यायला आलेल्या फॉरेनरला आपला दुकानदार 'यू वेअर अँड सी' म्हणतो, पट्टा घट्ट झाला तर 'आय लूज अँड गिव्ह'. पहिलं म्हणजे सरळ 'घालून बघा', दुसरं 'सैल करून देतो'. कुठंच 'इट', 'देम' नाही, आणि गिऱ्हाइकाला तरीपण बरोब्बर समजतं. प्रमाण इंग्रजीत मात्र ते 'ट्राय देम ऑन' होतं, आणि इथं आणखी एक नियम आडवा येतो. क्रियापदाला ऑन, ऑफ, अप असा तुकडा जोडलेला असला की नाम दोन्हीकडं चालतं, 'टर्न ऑफ द फॅन' किंवा 'टर्न द फॅन ऑफ', पण सर्वनाम आलं की ते मधेच बसणार : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की संपलं. परत 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' असली क्रियापदं फुटत नाहीत, तिथं 'लुक आफ्टर हर' असंच. कारण 'आफ्टर' आणि 'फॉर' हे तिथं शब्दयोगी अव्ययाचं काम करतात, त्यांचं नातं पुढच्या नामाशी असतं. क्लासमधे हे कारण क्वचितच सांगतात, यादी पाठ करा म्हणतात.

दोन कर्मांची क्रियापदं वेगळीच. 'गिव्ह मी द बिल' चालतं, 'गिव्ह द बिल टू मी' पण चालतं, पण वस्तू 'इट' झाली की 'गिव्ह इट टू मी' हेच जास्त करून ऐकू येतं. 'गिव्ह मी इट' ब्रिटनमधे बोलतात, उत्तर इंग्लंडात तर 'गिव्ह इट मी' पण. मग माणूस म्हणतो, 'टेल मी' चालतं तर 'एक्स्प्लेन मी' का नाही? कारण गिव्ह, टेल, सेंड ही जुनी देशी (म्हणजे मूळ इंग्रजीतलीच) क्रियापदं दोन कर्मं अशी शेजारी शेजारी घेतात, आणि एक्स्प्लेन, डिस्क्राइब, डोनेट असली लॅटिनमधनं आलेली बहुतेक क्रियापदं 'टू' मागतात. अपवाद आहेत, 'ऑफर' लॅटिन असून देशीसारखं वागतं. उलट 'डिस्कस अबाउट इट', 'मॅरी विथ हर' ह्यात आपण 'त्याच्याबद्दल', 'तिच्याशी' हे उगाच तिकडं नेतो, इंग्रजीत नुसतं 'डिस्कस इट', 'मॅरी हर'.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. तरीपण ऐकताना अडतं, कारण बोलताना ही सर्वनामं क्रियापदात विरघळतात : टेल हिमचं 'टेलिम', गिव्ह मीचं 'गिमी', लेट मीचं 'लेमी'. 'टेल देम'चं 'टेलेम' होतं ते मात्र 'देम' आखडून झालेलं नाही. तो 'एम' जुन्या इंग्रजीतनं चालत आलेल्या 'हेम'चा आहे, उलट 'देम'च नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतनं नंतर आलेला पाहुणा.

इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की हे सगळे नियम बाहेर काढून ठेवतं. नुसतं सेंड, ब्लॉक, ड्रॉप एवढंच येतं आणि मागं 'करणं' किंवा 'होणं' लागतं, करणारा असला तर 'गाडी पार्क केली', आपोआप घडलं तर 'मोबाइल हँग झाला'. सर्वनामाला मराठी प्रत्यय लागतो, 'मला सीबीएसला (म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडला) ड्रॉप कर', 'त्याला ब्लॉक कर', आणि कर्माची खूण परत क्रियापदावर दिसते : फोटो सेंड केला, लिंक सेंड केली, लोकेशन सेंड केलं. म्हणून 'केली काय सेंड?' ला 'केली की' एवढं उत्तर पुरतं.