व्यावसायिक इमारतींचे व्यवस्थापक आणि त्यांची संघटना : पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या एका नाइटक्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि २५ जणांचा बळी गेला. त्यांतले बरेचसे तिथेच राबणारे कामगार होते. पहिल्या अटका झाल्या त्या व्यवस्थापकांच्या. मालकांपैकी दोघे काही तासांतच थायलंडला निघून गेले होते. त्यांना परत आणेपर्यंत दहाएक दिवस उलटले.

क्लब वेगळा, ऑफिसांची आणि दुकानगाळ्यांची इमारत वेगळी, हे मान्य. पण मधे सापडणारा माणूस तोच, व्यवस्थापक. पणजीच्या पाटो भागात असो, मडगाव, म्हापसा की वास्कोत असो, फायर पंपाच्या नोंदवहीत सही त्याची असते. लिफ्टच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पाठपुरावा त्याच्याकडे असतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये कोणी माल रचून ठेवला की नोटीस त्याच्याच टेबलावर येते. पैसे खर्च करण्याचा अधिकार मात्र गाळेधारकांच्या समितीकडे, नाहीतर बिल्डरकडे. व्यवस्थापकांनी व्यावसायिक संघटनेत का जावं, हा प्रश्न गोव्यात आज गांभीर्याने विचारायला हवा तो यामुळे.

अशा संघटनांची सुरुवात अमेरिकेत झाली. शिकागोत १८८५ च्या सुमारास पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या आणि लिफ्ट, बॉयलर, पाण्याचे पंप, सफाईची माणसं हे सगळं एका छपराखाली सांभाळणारा नवा धंदा तयार झाला. १९०७ मध्ये तिथल्या इमारत व्यवस्थापकांनी आपली संघटना काढली. सुरुवातीला ती फक्त व्यवस्थापकांची होती. पुढे मालकांनाही सदस्यत्व दिलं गेलं आणि संघटनेच्या नावातही मालक आले. या संघटनेचं सर्वांत टिकाऊ काम १९१५ चं. ऑफिसची जागा कशी मोजायची याचं प्रमाण तिने छापून काढलं. तोपर्यंत प्रत्येक इमारतीत मोजणीची रीत निराळी असायची. कुठे भिंतीची जाडी धरायची, कुठे खांब वगळायचे. त्यामुळे दोन इमारतींच्या भाड्यांची तुलनाच होत नसे. एकट्या व्यवस्थापकाने टेप घेऊन कितीही प्रामाणिकपणे जागा मोजली, तरी शेजारचा निराळी मोजत असेल तोवर त्या आकड्याला किंमत नव्हती. सगळ्यांनी मिळून एक माप मान्य केलं तेव्हाच ती आली.

शिकागोनंतर वर्षभरातच, १९०८ मध्ये, गोव्यातल्या व्यापाऱ्यांनीही आपली संघटना काढली होती. म्हणजे धंदेवाईकांनी एकत्र येण्याची परंपरा इथे कमी जुनी नाही. उंच इमारती मात्र खूप उशिरा आल्या. पणजी, मडगावातली जुनी दुकानं म्हणजे खाली पेढी आणि वर मालकाचं बिऱ्हाड. तिथे व्यवस्थापक लागतच नसे. मुक्तीनंतर, आणि विशेषतः १९८७ मध्ये राज्य झाल्यावर, सरकारी कार्यालयं, बँका, विमा कंपन्या यांच्यासाठी मोठ्या इमारती झाल्या. प्रत्येक गाळ्याला वेगळा मालक, आणि जिना, गच्ची, टाकी, लिफ्ट सगळ्यांची. भांडणाचं मूळ इथे आहे.

हे भांडण नीट समजून घेतल्याशिवाय संघटनेचा उपयोग कळत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. तळमजल्याचा गाळेधारक म्हणतो, मी लिफ्ट वापरत नाही, मग लिफ्टचा मेंटेनन्स मी का भरू? वरच्या मजल्यावरचा म्हणतो, फुटपाथवरचं गिऱ्हाईक तुझं, पाटी तुझी मोठी, भाडंही तुलाच जास्त. सगळ्यांना एकच दर लावा. तिसरा सांगतो, क्षेत्रफळावर घ्या. चौथा विचारतो, कुठल्या क्षेत्रफळावर?

तळमजल्याच्या माणसाचा मुद्दा गोव्याला नवा नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्या २३३५ व्या कलमात, एकाच इमारतीचे मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील आणि दस्तात काही ठरलेलं नसेल तर दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, ते दिलं होतं. सामाईक भिंती आणि छप्पर यांचा खर्च सर्वांनी, ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या मोलाप्रमाणे करायचा. आपल्या मजल्याची जमीन आणि छत ज्याचं त्याने बघायचं. जिन्याचं तर फारच बारकाईने सांगितलं होतं : पहिल्या मजल्याच्या मालकाने आपल्यापर्यंतचा जिना दुरुस्त करायचा, दुसऱ्याने पहिल्या मजल्यापासून आपल्यापर्यंतचा, आणि असंच पुढे. म्हणजे एकाच कलमात दोन तत्त्वं होती. जे इमारतीला उभं ठेवतं ते मोलाप्रमाणे, जे वापरायचं ते वापराप्रमाणे.

आजच्या इमारतीत हे दोन्ही एकमेकांत गुंतलं आहे. लिफ्ट वापराची म्हणावी, तर डीजी सेट (डिझेल जनरेटर) कोणाचा? त्यावर लिफ्टही चालते आणि फायर पंपाला लागणारी वीजही त्यावरच असू शकते. हायड्रंटची (आग विझवायच्या नळाची) पाण्याची टाकी गच्चीवर आहे म्हणून ती वरच्यांची होत नाही. आग तळमजल्याच्या दुकानातूनही लागते. माझं मत स्पष्ट आहे. सुरक्षेशी संबंधित प्रत्येक खर्च सर्वांनी उचलायला हवा आणि त्यात सूट मागण्याची सोयच असू नये. लिफ्टच्या रोजच्या खर्चाबद्दल तळमजल्याला सवलत द्यायची तर ती सोसायटीने ठराव करून द्यावी. सेक्रेटरीच्या मर्जीवर ती राहू नये.

राहिला क्षेत्रफळाचा प्रश्न. समजा दोन गाळे आहेत, दोघांचं कार्पेट क्षेत्र, म्हणजे आतली वापरायची जागा, ४० चौरस मीटर. एकाला बिल्डरने ३० टक्के लोडिंग (जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटा) धरून ५२ चौरस मीटर सुपर बिल्टअप, म्हणजे त्या वाट्यासकटचं क्षेत्र, विकलं, दुसऱ्याला वर्षभराने ४५ टक्के धरून ५८. मेंटेनन्स सुपर बिल्टअपवर, चौरस मीटरला महिना ६० रुपये. पहिल्याचं बिल ३,१२० रुपये, दुसऱ्याचं ३,४८०. वापरायची जागा तेवढीच, पण दुसरा वर्षाला ४,३२० रुपये जास्त भरतो, आणि ते का, हे त्याला कोणीही पटवून देऊ शकत नाही. त्याने भरणं थांबवलं की थकबाकी व्यवस्थापकाच्या वहीत चढते. त्यात मुंबईहून आलेली बँक चौरस फुटात बोलते, गोव्याचे दस्त चौरस मीटरमध्ये.

मोजणीची नियमावली आपल्याकडे नाही असं नाही. भारतीय मानक आयएस ३८६१ हे १९६६ चं. १९७५ आणि २००२ मध्ये ते सुधारलं गेलं. कार्पेट क्षेत्र आणि भाड्याने देण्याजोगं क्षेत्र कसं मोजायचं ते त्यात आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या कायद्यातच घातली : बाहेरच्या भिंती, सेवांचे शाफ्ट, फक्त त्या गाळ्याची असलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची, आतल्या भिंती धरायच्या. व्यावसायिक गाळ्यांनाही ती लागू आहे. सुपर बिल्टअपची अशी व्याख्या त्या कायद्यात नाही. तरीही जुन्या इमारतींची मेंटेनन्सची बिलं त्यावरच निघत राहतात, कारण विक्रीच्या करारात तोच आकडा लिहिलेला असतो. एका इमारतीच्या व्यवस्थापकाने फेरमोजणी सुचवली तर ज्याचं बिल वाढणार तो त्याला काढून टाकायची भाषा करतो. तीच सूचना संघटनेच्या छापील नमुन्यासह आली, पणजीतल्या दहा इमारतींनी तसं केल्याचं दाखवता आलं, तर ती एका नोकराची लुडबूड ठरत नाही. सदस्यत्वाच्या फायद्यांत मी हा पहिला ठेवतो.

गेल्या दहा वर्षांत तर नियमांची भर इतकी पडली की जुना अनुभव पुरेनासा झाला. रेराप्रमाणे निम्म्याहून अधिक गाळे बुक झाले की तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था स्थापन व्हायला हवी. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हा दोष वेळेत, लेखी आणि फोटोसकट नोंदवायचं काम शेवटी व्यवस्थापकाचंच. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे, पण इमारत बांधून झाल्यावर ती कशी सांभाळायची यासाठी स्वतंत्र भाग २०१६ च्या आवृत्तीत आला. इतकी वर्षं सांभाळणं हे रखवालदारीचं काम मानलं गेलं, त्याला पहिल्यांदा तांत्रिक विषयाचा मान मिळाला. संघटनांचे प्रशिक्षणवर्ग आणि प्रमाणपत्रं यांना वजन येतं ते यामुळे.

जीएसटीचा गोंधळ तर गोव्यात विशेष आहे, कारण खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशा इमारती इथे पुष्कळ. निवासी संकुलातल्या सदस्याला महिना ७,५०० रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर सूट आहे. जानेवारी २०१८ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती. निव्वळ व्यावसायिक इमारतीला ही सूट नाही. मिश्र इमारतीत कोणाच्या बिलावर कर लावायचा हे प्रत्येक व्यवस्थापक आपापल्या सीएला विचारतो आणि उत्तरं वेगवेगळी घेऊन येतो. संघटनेने एकदाच नीट कायदेशीर मत घेऊन परिपत्रक काढलं तर सगळ्यांची फरफट वाचेल.

पावसाचंही तसंच. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारी हवा. सळया गंजतात, पॅरापेटचं (गच्चीच्या कठड्याचं) प्लास्टर सुटतं, हायड्रंटचा व्हॉल्व्ह वर्षभर फिरवला नाही तर जागेवरच जाम होतो. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली आहे हे कळतं ते नेमकं पंप सुरू करायची वेळ आल्यावर. मे महिन्यात गच्चीच्या पन्हाळी साफ करणारा, वॉटरप्रूफिंगची खरी हमी देणारा, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरल्यावर रात्री फोन उचलणारा माणूस कोण, ही माहिती प्रत्येक इमारतीच्या डायरीत अर्धीमुर्धी असते. ती एकत्र आली तर तिचा उपयोग दसपट. यासाठी परिषद नको, पंचतारांकित हॉटेल नको. महिन्यातून एकदा एकमेकांच्या पंपरूममध्ये उभं राहिलं तरी पुरे.

व्यवस्थापकाला कामगार संघटनेचा आसरा का मिळत नाही, हेही सांगायला हवं. औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाचं वेतन महिना १०,००० रुपयांवर गेलं की तो 'कामगार' राहत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही मर्यादा १८,००० झाली. व्यवस्थापकीय काम मुख्यतः करणारा तेव्हाही बाहेर होता, आजही आहे. मालकांच्या संघटनेत त्याला जागा नाही, कारण तो मालक नाही.

आज त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. देशात किंवा परदेशात मुख्यालय असलेल्या संघटनेचं वैयक्तिक सदस्यत्व घ्यायचं. तिथे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं मिळतात, पण वर्गणी भारी असते आणि बैठका बहुधा मुंबई-पुण्याकडे. नाहीतर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली गोव्यातच संस्था काढायची. त्याला सात जण पुरतात. ती काढताना शिकागोतला जुना प्रश्न पुन्हा येईल : मालकांना आत घ्यायचं का? घेतलं तर पैसा आणि वजन येतं, मोजणीचा नमुना मान्य होण्याची शक्यता वाढते. पण ज्या मालकाने फायर पंपाची दुरुस्ती दोन वर्षं लांबवली, त्याच्यासमोर त्याचाच व्यवस्थापक बैठकीत तोंड उघडणार नाही. मला वाटतं, निदान पहिली काही वर्षं मतदानाचा हक्क व्यवस्थापकांकडेच ठेवावा, मालकांना निमंत्रित म्हणून बोलवावं, आणि सुरक्षेच्या तक्रारी नाव न देता मांडता येतील अशी तरतूद संस्थेच्या घटनेतच करावी.