रोमन नागरिकत्वाचा सैनिकी दाखला: पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

जिंकलेल्या मुलखातल्या तरुणाला रोमन करून घेण्याची रोमची एक ठरलेली पद्धत होती: साहाय्यक सैन्यात (नागरिक नसलेल्यांच्या पलटणींत) किंवा आरमारात पूर्ण मुदत चाकरी आणि तिच्या शेवटी नागरिकत्व. सम्राट क्लॉडियसच्या काळात (इ.स. ४१ ते ५४) ती नियमित झाली. हाती आलेला सर्वांत जुना दाखला ११ डिसेंबर ५२ चा आहे, थ्रेसमधल्या (आजच्या बल्गेरियाकडच्या) बेस्सी जमातीच्या एका आरमारी शिपायाचा.

पात्रता

माणूस स्वतंत्र हवा, गुलाम चालत नसे. बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातल्या प्रांताचा) सुभेदार प्लिनी याला नव्या भरतीत दोन गुलाम सापडले, तेव्हा त्याने थेट सम्राट ट्रेजनला विचारलं. उत्तर आलं: सक्तीने घेतले असतील तर तपासणाऱ्यांची चूक, कुणाच्या बदली दिले असतील तर देणाऱ्याचा दोष, जाणूनबुजून स्वतः आले असतील तर देहदंड.

साहाय्यक पलटणींत २५ वर्षं, आरमारात २६ (पुढे २८) आणि सन्मानाने सेवामुक्ती, एवढं झालं की माणूस पात्र. पण माझ्या मते माणसाला रोमन करण्याचं खरं काम चाकरीच्या त्या वर्षांतच होऊन जाई. इजिप्तचा आपियोन आरमारात दाखल झाला, तेव्हा इटलीतल्या मिसेनमहून त्याने वडिलांना पत्र लिहिलं: वाटखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली, आणि आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस. सम्राटाच्या निष्ठेची शपथ होती. दर ३ जानेवारीला त्याच्या क्षेमासाठी नवस होता. सीरियातल्या ड्युरा-युरोपस इथे पाल्मायरा या सीरियातल्याच शहराच्या पलटणीचं सणांचं पंचांग सापडलं आहे. त्यात रोमचे देव आहेत, सम्राटांचे वाढदिवस आहेत. पाल्मायराचे देव नाहीत. इ.स. ६९-७० च्या बटावियन बंडानंतर तर अनेक पलटणी घरापासून दूर पाठवल्या गेल्या. ऱ्हाइनच्या मुखाकडचे बटावियन ब्रिटनची सीमा राखत होते.

दाखल्यात काय मिळे

शिपायाला नागरिकत्व आणि एका बायकोशी कायदेशीर विवाहाचा हक्क. चाकरीत असताना लग्नाला मनाई होती, म्हणून आधीपासून सोबत असलेली बाईही इथेच कायद्याने बायको ठरे. तिला स्वतःला मात्र नागरिकत्व मिळत नसे, आणि हा अन्याय मला सगळ्यात जास्त सलतो. मुलांना आधी मिळत असे. सुमारे १४० नंतर साहाय्यक सैनिकांच्या चाकरीत जन्मलेल्या मुलांची ती सवलत काढून घेतली गेली.

कागदपत्रे

सम्राटाचा हुकूम रोममध्ये कांस्यपटावर कोरून भिंतीवर लावत. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून जागा ठरलेली होती: दैवी ऑगस्टसच्या मंदिरामागची भिंत. एका हुकुमात एखाद्या प्रांतातल्या कितीतरी पलटणींची नावं असत. शिपायाकडे राही ती त्याची नक्कल: कांस्याचे दोन छोटे पत्रे, तारेने बांधलेले, तारेवर सात साक्षीदारांच्या मोहरा. मजकूर दोनदा कोरलेला, एकदा आत आणि एकदा बाहेर. बाहेरच्या मजकुरावर संशय आलाच तर मोहरा फोडून आतला पाहायचा. असे हजाराहून अधिक दाखले, बहुतेक तुकड्यांत, आजवर मिळाले आहेत.

इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिक केलं. साहाय्यक पलटणींचे दाखले त्याच सुमारास बंद पडले. आरमाराचे आणि सम्राटाच्या अंगरक्षकांचे मात्र पुढेही काही काळ निघत राहिले.