मानमोडीची गोष्ट का उरली नाही

2020च्या 23 मार्चला शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपुरात, एकाच घरातले चौघे बाधित निघाले आणि साताऱ्यातल्या आमच्या पेठेत दारं लागली. त्या कोंडलेल्या दिवसांत मी साथीच्या कादंबऱ्या वाचायला काढल्या. पुढे काय होणार ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलं असेल, अशी वेडी आशा होती.

ही परंपरा जुनी आहे. लंडनच्या 1665च्या प्लेगवर डॅनियल डिफोची कादंबरी आली 1722 मध्ये. साथीच्या वेळी तो जेमतेम पाच वर्षांचा. तरी पुस्तक डोळ्यांदेखत पाहिल्यासारखं, दर आठवड्याच्या मृतांच्या आकड्यांसकट लिहिलंय. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तालुकावार आकडे यायचे, तेव्हा मला तीच पानं आठवायची. आल्बेर काम्यूच्या 1947च्या कादंबरीत प्लेगमुळे ओरान शहराच्या वेशी बंद होतात. पुष्कळांनी ती नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्सचं रूपक म्हणून वाचली. 2021च्या एप्रिलमध्ये मात्र मला रूपक सोसवेना.

त्या एप्रिलमध्ये मामा गेला. ऑक्सिजनच्या बेडसाठी दीड दिवस फोनाफोनी, मग चार दिवस वाट पाहणं, मग पालिकेच्या माणसांनी परस्पर दिलेला अग्नी. त्या आठवड्यात अनंतमूर्तींची ‘संस्कार’ डोक्यातून जात नव्हती. 1965ची ही कन्नड कादंबरी. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, एक जण प्लेगने मरतो आणि त्याला अग्नी कुणी द्यायचा या वादात प्रेत पडून राहतं. तिथे धर्म आडवा आला होता, आमच्या वाटेत नियम आणि भीती. आम्ही सहा भाचरं असून एकही जवळ नव्हतो, हे अजून सलतं.

आपल्याकडच्या प्लेगची आठवण टिकली, त्याला कारण आहे. 1896 मध्ये तो मुंबईत शिरला. 1897च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला (2020च्या मार्चमध्ये राज्याने लावला तो हाच). पुण्यात घरझडत्या झाल्या, 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 10 मार्चला गेल्या. जुलूम, सूड, त्याग, सगळंच त्यात होतं. सांगणाऱ्याला धागा मिळाला. उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे माझ्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं.

1918ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, कितीतरी भयंकर. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, तीही बहुतेक काही महिन्यांत. 1921च्या जनगणनेत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पण या साथीत रँड नव्हता. ताप आला, माणसाने मान टाकली, संपलं. मेले त्यांत वीस ते चाळीस वयाचे फार, म्हणजे पुढे नातवंडांना सांगायला जे उरायचे, तेच गेले. आमच्या घरात तिची एवढी एकच ओळ आहे: पणजोबांचे दोन भाऊ मानमोडीत गेले. त्यांची नावं कुणाला सांगता येत नाहीत. अग्नी कुणी दिला, तेही नाही.

कोरोनाचंही असंच होईल अशी मला धास्ती वाटते. म्हणून मामाचं सगळं मी वहीत उतरवलंय. ताप कुठल्या तारखेला आला, कुणाकुणाला फोन केले, शेवटचा व्हिडिओ कॉल किती वाजता लागला, आणि त्यात तो पुन्हापुन्हा एवढंच विचारत होता, “उसाला पाणी सोडलं का रे?”